शिवलं की हात वर

दामाजी मढवींचा खटला मी हरले, हे कल्याण कोर्टाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक आहे. कसा हरले, ते मात्र मी फारसं कुणाला सांगत नाही. समोरच्या पक्षाचे वकील त्या दिवशी अर्धवट झोपेत होते. त्यांनी आम्हाला हरवलं असं म्हणणं म्हणजे त्यांना फुकटचं श्रेय देणं. आम्हाला हरवलं माझ्याच अशिलाने, भर साक्षीत, माझ्या डोळ्यांदेखत. माझा स्वभाव आधीच तापट. हातातली फाईल मी त्यांच्या डोक्यात घातली नाही, याचं श्रेय मात्र मी घेते.

तर हे दामाजी. कोलशेतच्या कोळीवाड्यातले. बाप-आजा खाडीत जाळी टाकणारे, पण दामाजींना पाण्यापेक्षा मातीची ओढ. बुटकी, रुंद मूर्ती. मान अशी नाहीच, खांद्यांवर थेट डोकं ठेवल्यासारखं. तरुणपणी ठाण्याच्या एका कंपनीच्या संघातून कबड्डी खेळले आणि गुडघा गेला तेव्हा कल्याणच्या एका कॉलेजात प्रशिक्षक म्हणून लागले. कॉलेजचं नाव मी घेणार नाही. त्यांचे विश्वस्त अजून मला स्नेहसंमेलनाचं आमंत्रण पाठवतात, आणि जेवण चांगलं असतं.

कॉलेजच्या मागे, खाडीच्या बाजूला, मोडके बाक टाकायची एक जागा होती. दामाजींनी पोरांना घेऊन ती साफ केली, दगड वेचले, माती चाळून आणली, पाणी मारून धुमसली आणि घरच्या अंगणासारखं मैदान तयार केलं. त्यावर चप्पल घालून कुणी यायचं नाही. प्राचार्यसुद्धा नाही. पोशाखी प्राचार्य एका पायावर उभे राहून बुटाची नाडी सोडताहेत आणि हे शांतपणे त्यांचा कोपर धरून उभे आहेत, हे दृश्य कॉलेजच्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे.

सराव असायचा ओहोटीला. पोरांना खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरवून पळवायचे, म्हणजे पायात ताकद येते. आता ओहोटी रोज थोडी पुढे सरकणार, त्यामुळे सरावाची वेळही सरकणार. कधी पहाटे, कधी ऐन अर्थशास्त्राच्या तासाला. कॉलेजच्या ऑफिसने वेळापत्रक मागितलं तर म्हणाले, "मी काय बनवनार? ते वरनंच बनून आलंय."

आणि त्यांचा एकच नियम होता. समोरच्या गड्याचा तुम्हाला स्पर्श झाला, की पंच बघो न बघो, आपला हात आपण वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. "शिवलं की हात वर." जिल्ह्यातल्या पंचांना या संघाचा सामना म्हणजे सुट्टीच वाटायची. प्रतिस्पर्धी तर आमच्याशी गाठ पडावी म्हणून नवस बोलत असतील. अटीतटीच्या क्षणी, सगळे ओरडत असताना, कल्याणचा एखादा पोरगा गुपचूप हात वर करून बाहेर चालू लागायचा आणि त्याच्या पाठोपाठ सामनाही. दरवर्षी दुसऱ्या फेरीत हार आणि खिलाडूवृत्तीचा चषक. असे चषक दामाजींच्या घरी फळीभर होते. सर्वात मोठ्यात त्यांची बायको मनुबाई सुका जवळा भरून ठेवायची.

माझा धाकटा भाऊ त्यांच्या संघात होता, म्हणून मला हे सगळं घरबसल्या कळायचं. आम्ही शहाडला चाळीत राहायचो. सुकटीचं शेवटचं भजं कुणी खाल्लं, असं आईने विचारलं की हा जेवता जेवता हात वर करायचा. आईला वाटायचं, कॉलेजात पोरगा सुधारला. मला वाटायचं, बिघडला.

मग १९८६ साल आलं आणि कॉलेजला नवे अध्यक्ष आले. त्यांना खिलाडूवृत्ती नको होती, विद्यापीठाची ढाल हवी होती. त्यांनी एक विद्यार्थी मिळवला. त्याचं नाव मारुती. एका कंपनीच्या संघातला नावाजलेला चढाईपटू, वय तिशीपार, मुलगी चौथीत. त्याला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला रीतसर प्रवेश मिळाला. ओळखपत्राच्या फोटोसाठी त्याने मिशी उतरवली, तेव्हा मुलीने बापाला ओळखलंच नाही आणि ती रडत आजीकडे पळाली म्हणे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागालाही सगळं माहीत होतं. त्यांना स्वतःच्या संघासाठी असाच एक तगडा गडी हवा होता, तेव्हा कॉलेजही खूश आणि विद्यापीठही खूश.

दामाजी तेवढे खूश नव्हते. ते प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, हा पोरगा नाय, बापमानूस हाय." प्राचार्य म्हणाले, "बघू." विद्यापीठाचे क्रीडा सचिव मैदान पाहायला आले तेव्हा दामाजींनी त्यांनाही तेच ऐकवलं, सगळ्या पोरांसमोर. तेही म्हणाले, "बघू." आणि मग संघ जिंकत गेला, आणि बघायचं राहून गेलं.

अंतिम सामना कॉलेजच्याच मैदानावर झाला. शेवटची मिनिटं, आपण एका गुणाने पुढे. समोरचा गडी चढाईला आला, कोपऱ्यात उभ्या मारुतीच्या कोपराला त्याची बोटं लागली आणि तो परत गेला. पंच दुसरीकडे बघत होते. तो गडी ओरडून ओरडून सांगत होता, पंच मान हलवत होते. दामाजी बाकावरून उठले आणि म्हणाले, "मारुती, हात वर." मारुतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून पायाला माती चोळली आणि तिथेच उभा राहिला. ढाल मिळाली.

बक्षीस समारंभाला विद्यापीठातले मोठे साहेब आले होते. हार झाले, नारळ झाले, अध्यक्षांचं भाषण झालं. प्रशिक्षकाला बोलवलं तेव्हा दामाजी मंचावर गेले, ढाल हातात घेतली, साहेबांच्या समोर टेबलावर उलटी ठेवली आणि माईकवर म्हणाले, "ही ढाल आमची नाय. मारुतीला शिवलं व्हतं. आनि मारुती आमचा विद्यार्थी बी नाय. तेची पोरगी चवथीत हाय. ह्या साहेबांना ठावं हाय, त्या साहेबांना बी ठावं हाय."

कुणीतरी घाईने माईक बंद केला. पण या खाडीवरून त्या खाडीतल्या होडीला हाक मारणाऱ्या घराण्यातला माणूस. माईक बंद झाल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. उरलेलं भाषण रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीतही स्पष्ट ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. कारण दिलं, व्यासपीठावर बेशिस्त वर्तन.

मी तेव्हा वकिलीत नवी होते. कोर्टाजवळ एका टायपिस्टच्या खोलीत माझं टेबल. माझा भाऊ त्यांना घेऊन आला, सोबत मनुबाई. डोक्यावर टोपली, केसांत अबोली, आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"वकीलबाय, आमचे ह्यांना मैदानान परत उभं करा. घरान बसून मना खेल शिकवतान. काल टोपली उचलतंव तं सांगतान, गुडगा असा नको, तसा वाकव. मी काय म्हावरा घेऊन चढाईला चाललंय?"

दामाजी मान खाली घालून हसत होते. मग म्हणाले, "नोकरी तं हायच वकीलबाय. पन ते मैदान मी केलंय. दुसरा कोन तेच्यावर चपला घालून फिरंल, ते मना बगवनार नाय."

तेवढंच होतं त्यांचं मागणं. मैदानावर परत जायचं. मी खटला घेतला. फी म्हणून दर तारखेला मनुबाई माझ्या टेबलावर बोंबलांची नाहीतर कोलंबीची पुडी ठेवायची. टायपिस्ट बिचारा शाकाहारी होता. त्या दिवसांतल्या त्याच्या टायपिंगमध्ये जास्त चुका सापडतील, तो एका हाताने नाक धरून बसायचा.

आमचा दावा विद्यापीठाच्या न्यायाधिकरणापुढे. या माणसाने बोगस खेळाडूची तक्रार केली, म्हणून कॉलेजने सूड उगवला आणि विद्यापीठाने डोळेझाक केली, एवढा साधा मुद्दा. पण पहिली अडचण दामाजींनीच करून ठेवली होती. तक्रार त्यांनी तोंडी केली होती. विद्यापीठ म्हणालं, आमच्याकडे तक्रारच आली नाही.

"दामाजी, दोन ओळी लिहून का नाही दिल्या?" मी विचारलं.

ते दुखावले. "लिवून? मागनं कागुद टाकायचा? ती चुगली झाली वकीलबाय. आमच्या कोलीवाड्यान कोनाचं काय चुकलं, तं देवलासमोर सगली जमा होतान आनि तेच्या तोंडावर बोलतान. मी तं सगल्यांसमोर बोललो. आजून कशी करतान तक्रार?"

आता या माणसाला काय सांगणार? सगळ्या कल्याणने ऐकलेली तक्रार विद्यापीठाला पोचली नव्हती, कारण ती मोठ्याने केली होती.

तारखा पडत गेल्या. न्यायाधिकरण म्हणजे विद्यापीठाच्या इमारतीतली एक खोली आणि तिच्यात एक निवृत्त न्यायाधीश. सज्जन माणूस, सतत खोकणारा. दरम्यान भावाचं शिक्षण संपलं, त्याला नोकरी लागली, माझं लग्न झालं. अखेर नव्वद साली दामाजींच्या साक्षीचा दिवस ठरला. आदल्या दुपारी मी त्यांना तयारीसाठी बोलवलं. सगळं नीट पाठ झालं होतं. उठता उठता ते परत बसले.

"वकीलबाय, एक सांगाचं ऱ्हायलं."

अशिलाने हे वाक्य उच्चारलं की वकिलाने पेन खाली ठेवावं. मी ठेवलं.

"पयल्या मॅचला मारुतीला मीच उतरवला. कोनी जबरदस्ती नाय केली. प्राचार्य बोलले, बसवायचा तं बसवा. मी नाय बसवला."

"का?"

"लय वर्सं दुसऱ्या फेरीनच घरी येतंव. एकदा बगावं म्हटलं, जिकतान कसं." मग अगदी हळू म्हणाले, "गोड लागलं, वकीलबाय. मंग पुडच्या मॅचला जीभ उचललीच नाय. फायनलला शिवलं तवा उचलली."

मला राग येणार होता, पण आला नाही. इतकी वर्षं चषकात जवळा भरणाऱ्या माणसाला एकदा जिंकावंसं वाटलं, यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. खटल्याचं मात्र वाटोळं होतं. ज्याने स्वतः बोगस गडी मैदानात उतरवला, तो बोगस गड्याची तक्रार केली म्हणून न्याय कसा मागणार?

मी त्यांना समजावलं. "हे विचारलं, तर खोटं बोलायचं नाही. पण विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायचं नाही. आणि ते विचारणार नाहीत, त्यांना माहीतच नाहीये. कळलं?"

"कललं."

"नक्की?"

"कललं म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर मारुती बसलेला होता. कॉलेजने त्याला साक्षीदार म्हणून आणलं होतं. मिशी परत आली होती. दामाजींनी त्याला विचारलं, "पोरगी कितवीला?" तो म्हणाला, "आठवीला, सर."

विद्यापीठाचे वकील मोठे नावाजलेले, जेवण करून आलेले. उलटतपासणीची सुरुवात तर फारच सुरेख झाली.

"प्राचार्यांना तुम्ही कोणत्या दिवशी सांगितलंत?"

"भांग व्हता तवा."

वकिलांचे डोळे उघडले. "साक्षीदार भांग घ्यायचे, याची नोंद व्हावी."

न्यायाधीशांना खोकल्याची मोठी उबळ आली. कोळी लोक अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत-उतरत नाही त्या दिवसांना भांग म्हणतात, हे मी उभी राहून समजावलं. वकील नाराज झाले आणि त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

"बरं. मारुतीच्या खेळण्याला तुमचा सुरुवातीपासून विरोध होता, असं तुमचं म्हणणं?"

"व्हता."

"लेखी तक्रार दिलीत?"

"नाय."

"झालं," म्हणून ते खाली बसले. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदाराने जायला हरकत नाही. मी फाईल मिटली. लेखी तक्रार नसली तरी माझ्याकडे चार साक्षीदार होते. मंचावरचं भाषण तर पिठाच्या गिरणीवाल्यानेसुद्धा ऐकलं होतं. आम्ही जिंकत होतो.

दामाजी जाईनात. ते विद्यापीठाच्या वकिलांकडे बघत उभे होते. वकील कागद आवरत होते. दामाजींनी अजून थोडी वाट पाहिली. त्या नजरेचा अर्थ मला कळला. मी मानेने नाही, नाही म्हणत होते.

त्यांनी उजवा हात सरळ वर केला.

"काय, पाणी हवंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाय, साहेब. मना शिवलं."

"कोणी?"

"ह्या साहेबांनी." त्यांनी वकिलांकडे बोट दाखवलं. "सुरवातीपासून विरोध व्हता का, इचारलं, तवा शिवलं. तेंना कललं नाय." आणि मग पहिल्या सामन्याची सगळी हकिकत त्यांनी सांगितली. खाडीच्या आवाजात. गोड लागलं, हेही सांगितलं.

विद्यापीठाचे वकील आता टक्क जागे होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मढवी, हे तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

"बगितलं नाय म्हनून शिवलं नाय, असं नाय व्हत, साहेब," दामाजी म्हणाले, आणि पिंजऱ्यातून उतरून, दार ओलांडून, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मारुतीच्या शेजारी.

दार उघडंच होतं. मारुतीने सगळं ऐकलं होतं. त्याला साक्षीला बोलवण्याची गरज उरली नव्हती, घरी जा म्हणून सांगितलं तरी तो उठेना. त्याने दामाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मी व्हरांड्यात दामाजींना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं लिहिते की शेवटी मी म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतःला बाद केलंत! संपलं आता!"

"बाद झालो," ते म्हणाले. "संपलं कसं? बाद गडी बाहेर बसतो. आपल्यातला कोनी समोरचा गडी मारतो, मंग तो उठतो. तुमी कबड्डी बगितलीच नाय कदी, वकीलबाय."

आणि माझी फाईल त्यांनीच उचलून घेतली, कारण मी ती बाकावर आपटली होती. रागाने. थोडं रडूही येत होतं, ते मी त्यांना दाखवलं नाही.

काही महिन्यांनी निकाल आला. अर्जदार गैरप्रकारात स्वतः सामील होता, लेखी तक्रार केली नव्हती, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. आमच्या बाजूने त्यात एकच वाक्य होतं: अर्जदाराच्या शब्दन् शब्दावर या न्यायाधिकरणाचा पूर्ण विश्वास आहे. मी माझ्या वकिलीत पुष्कळ खटले हरले आहे, पण माझ्या अशिलावर इतका विश्वास ठेवून त्याला कुणी हरवलेलं नाही.

मनुबाईने निकाल ऐकला आणि मला म्हणाली, "बरा झाला. जिकले असते तं डोक्यावर बसले असते." मग पदराने डोळे पुसले आणि माझ्या टेबलावर पापलेटांची जोडी ठेवली. पापलेट तिने त्याआधी कधी आणलं नव्हतं.

दामाजी मेव्हण्याच्या होडीवर जाऊ लागले. ओहोटीला कोळीवाड्यातल्या पोरांना चिखलात पळवायचे. कॉलेजच्या बाजूला मात्र कधी फिरकले नाहीत. कल्याणला आले तरी त्या रस्त्याने जात नसत, बाजारातून वळसा घालून यायचे. मी एकदा चिडवलं, "काय, मैदानाची भीती वाटते?" ते म्हणाले, "बाद गड्यानं रेघ ओलांडायची नसते."

पुढे ठाण्यातल्या कंपन्या एकेक करून बंद पडू लागल्या, त्यात मारुतीचीही गेली. आणि त्याला काम कुणी दिलं? त्याच कॉलेजने. कबड्डीचा प्रशिक्षक म्हणून. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा त्याने अजून दिलेली नव्हती, पण ते आता कुणी विचारत नव्हतं. ही बातमी मी तणतणत कोलशेतला नेली. मनुबाईने तिथल्या तिथे जाहीर केलं की मारुतीच्या बायकोला यापुढे तिच्या टोपलीतलं म्हावरं मिळणार नाही. दामाजी जाळं विणत होते. ते म्हणाले, "चांगलं झालं. चढाई तेला येते. बाकीचं शिकंल."

"कोण शिकवणार त्याला?"

"लांबनं बी शिकतान," ते म्हणाले, आणि तुटका धागा दाताने तोडला.

१९९६ साली विद्यापीठाचा अंतिम सामना पुन्हा त्याच मैदानावर ठरला. विश्वस्तांचं आमंत्रण नेहमीप्रमाणे मला आलं, दोन माणसांसाठी. नवऱ्याला मी घरी ठेवलं आणि दामाजींना घेऊन गेले. म्हणजे ओढत नेलं. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या आणि आत पाहिलं, तर मैदानाच्या कडेला खेळाडूंच्या, पंचांच्या, पाहुण्यांच्या चपला-बुटांची रांग लागलेली. मारुतीने तेवढा नियम ठेवला होता. दामाजींनी आपल्या चपला त्या रांगेच्या शेवटी ठेवल्या. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर मात्र बसले नाहीत. रेषेबाहेर बाद गडी बसतात तिथे, जमिनीवर, मांडी घालून बसले. मी वकीलबाई, माझी नवी साडी. मी खुर्चीवरच बसले.

सामना कसा झाला ते मला विचारू नका, मला अजूनही कबड्डी कळत नाही. एवढं कळलं की शेवटची मिनिटं होती, कल्याण एका गुणाने पुढे होतं आणि ढोल वाजत होते. समोरचा गडी चढाईला आला, आपल्या कोपऱ्यातल्या पोराच्या खांद्याला त्याची बोटं लागली आणि तो परत पळाला. पंचांनी काही दिलं नाही. तो गडी ओरडू लागला, ढोल अजून जोरात वाजू लागले. आपला पोरगा खाली वाकून पायाला माती चोळत होता.

"ए, हात वर!"

आवाज बाकावरून आला होता. मारुती उभा होता, मिशा पांढुरक्या झालेल्या. पोराने ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं नसल्यासारखं केलं. मंचावर अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. मारुती रेषेपर्यंत चालत आला आणि त्याने आपला स्वतःचा हात सरळ वर केला.

पंच गोंधळले. "कोच, तुमचा हात कशाला?"

"त्याचा होत नाही, तर माझा धरा," मारुती म्हणाला. "त्याला शिवलंय. मी बघितलंय."

ढोल थांबले. मग त्या पोराचाही हात हळूहळू वर आला. बरोबरी झाली, जादा वेळ दिला आणि कल्याण हरलं. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खिलाडूवृत्तीचा चषक मिळाला, मध्यम आकाराचा.

मारुती चषक घ्यायला गेला नाही. तो सरळ दामाजींच्या समोर येऊन उभा राहिला. मोठा, रुंद माणूस, आणि लहान मुलासारखा शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता.

दामाजींनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "लय वर्सं बाहेर बसवलास रे, मारुती," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

मारुतीने त्यांना ओढून उभं केलं. त्यांचा गुडघा कटकन वाजला, तो मला खुर्चीवर ऐकू आला. ते रेषा ओलांडून आत गेले, मध्यापर्यंत चालत गेले, आणि पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून पाहिली.

"माती कडक झालीय," ते म्हणाले. "पानी कमी मारतोस."

"हो, सर," मारुती म्हणाला.